कूट, भाकर, हळद, पाणी: रोजच्या ताटातलं विष कमी कसं करायचं

अन्नातल्या विषाची चर्चा निघाली की लोक दिवाळीच्या भेसळीच्या खव्यापासून सुरुवात करतात. खवा वर्षातून चार वेळा खाल्ला जातो. कूट, भाकर, हळद, दूध आणि बोअरचं पाणी दिवसातून दोनदा पोटात जातं. शरीरात किती विष गेलं हे अन्नात ते किती आहे, आपण रोज किती खातो आणि आपलं वजन किती, या तीन गोष्टींवर ठरतं. लेकराचं वजन कमी असतं, म्हणून त्याच कढईतल्या भाजीचं विष त्याला जास्त बाधतं. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात त्यामुळे पहिलं लक्ष द्यायचं ते शेंगदाण्याच्या डब्याकडे.

शेंगदाणा

दाण्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढली की ती अफ्लाटॉक्सिन सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. दाण्याचा हिरवट-पिवळा बुरा धुऊन काढला तरी आत मुरलेलं विष जात नाही. यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून ते जगभर मान्य आहे. पुढे प्रक्रियेला जाणाऱ्या दाण्यांसाठी आपल्याकडची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे.

आता हिशोब करू. ६० किलोच्या माणसाने रोज ३० ग्रॅम कूट खाल्लं आणि दाणे बरोब्बर मर्यादेवर असले, तर दिवसाला ०.४५ मायक्रोग्रॅम पोटात जातं, म्हणजे वजनाच्या किलोमागे ७.५ नॅनोग्रॅम. १२ किलोच्या लेकराने त्याच्या निम्मं, १५ ग्रॅम खाल्लं, तरी त्याच्या किलोमागे १८.७५ नॅनोग्रॅम पडतं. निम्मं खाऊन अडीच पट. आणि हे मर्यादेत बसणाऱ्या दाण्यांचं झालं.

सोय एवढीच की हे विष पोतंभर सारखं पसरलेलं नसतं. ते मोजक्या दाण्यांत साचलेलं असतं. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात १५ मायक्रोग्रॅम असलं (पोखरलेल्या दाण्यात ते याहून कितीतरी जास्त असू शकतं), तर तो एकटा दाणा स्वच्छ किलोभर दाण्यांना मर्यादेवर नेऊन ठेवतो. म्हणून निवडण्याचा फायदा इथे जेवढा होतो तेवढा दुसऱ्या कशानेच होत नाही.

निवडायचं भाजण्याआधी. भाजल्यावर सगळेच दाणे तांबूस होतात आणि रंगावरून काही कळत नाही. पांढऱ्या कापडावर किंवा स्टीलच्या परातीत, उजेडात, एका वेळी पाव किलोच दाणे पसरा. सुरकुतलेले, काळपट किंवा हिरवट डागाचे, टरफल सुटून पिवळे पडलेले, किडीने भोक पाडलेले आणि कोंब फुटलेले दाणे बाजूला काढा. फुटके दाणेही काढा, कारण बुरशी फटीतूनच शिरते. किलोमागे वाटीभर जरी निघाले तरी हळहळायचं नाही. हे दाणे गुरांना, कोंबड्यांना घालायचे नाहीत आणि घाण्यावरही न्यायचे नाहीत. खड्ड्यात पुरायचे. एखादा दाणा तोंडात कडू लागला तर गिळू नका, थुंकून द्या. मात्र कडू लागला नाही म्हणजे तो चांगला, असंही नाही.

भाजून विष जाईल का? थोडं कमी होतं, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही. अफ्लाटॉक्सिन तुटायला अडीचशे अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. इतकी उष्णता दाण्याच्या आतपर्यंत गेली तर दाण्याचा कोळसा होईल. कुकरची शिट्टी आणि उकळी तर त्याहून खालची.

विकत घेताना सोललेले दाणे घेण्यापेक्षा वाळलेल्या शेंगा घ्याव्यात आणि लागतील तशा फोडाव्यात. सोलताना दाणे फुटू नयेत म्हणून, आणि वजन भरावं म्हणूनही, शेंगांवर पाणी मारण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ओल्या शेंगा पोत्यात थप्पीला लागल्या की बुरशीला लागतं ते सगळं तिथेच मिळतं. कूट आठवड्याला पुरेल एवढंच करा. घाण्याचं तेल काढणार असाल तर निवडलेलेच दाणे न्या. कारखान्यातल्या शुद्धीकरणात अफ्लाटॉक्सिन बरंचसं निघून जातं, कच्च्या तेलात मात्र ते राहतं. घाण्याचं तेल आरोग्याचं म्हणून खपतं, पण खराब दाण्याचं असेल तर तसं काही नाही.

ज्यांचा स्वतःचा भुईमूग आहे त्यांच्यासाठी: शेंगा भरताना, काढणीआधीच्या तीन ते सहा आठवड्यांत पाण्याचा ताण पडला आणि जमीन तापली की बुरशी मातीतच शेंगेत शिरते. पाणी असेल तर एक पाळी याच वेळेसाठी राखून ठेवा. उन्हाळी भुईमूग निघतो तेव्हाच वळवाचा पाऊस येतो, म्हणून ताडपत्री उपटणीच्या आदल्या दिवशीच शेतात नेऊन ठेवा. वेल उपटले की शेंगा वर करून ठेवा. कुदळीने फुटलेल्या शेंगा वेगळ्या करा. शेंगा उघड्या मातीवर वाळवू नका. दाण्यातली ओल ८ टक्क्यांपर्यंत आली पाहिजे. शेंग कानाशी हलवली की खुळखुळ वाजते, दाणा दाताखाली कटकन तुटतो आणि अंगठ्याने चोळल्यावर टरफल सुटतं, ही त्याची ओळख. यातलं एकच लक्षण दिसत असेल तर अजून दोन दिवस ऊन द्या.

काळी पडलेली ज्वारी

रब्बीची शाळू ज्वारी, मालदांडी, माघ-फाल्गुनात कोरड्या हवेत निघते. तिला बुरशीचा त्रास कमी. त्रास खरिपाच्या संकरित ज्वारीला होतो. दाणा भरतो आणि परतीचा पाऊस कणसावर बसतो. दाण्यावर काळी, गुलाबी, राखाडी झाक दिसते. त्यातली गुलाबी किंवा पांढरी कापसासारखी झाक असेल तर जास्त सावध राहायचं. ती फ्युजेरियमची असू शकते आणि ती फ्युमोनिसिन नावाचं विष करते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब झाले होते. त्याच गावांत चांगलं धान्य खाणारे ठीक होते.

काळी ज्वारी स्वस्त मिळते आणि दळली की पीठ फक्त जरासं मळकट दिसतं, म्हणून ती खपते. हाताशी तीच असेल तर आधी उफणा, हलका दाणा वाऱ्याने जाऊ द्या. मग बादलीभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवून ज्वारी त्यात ओता, वर तरंगेल ते सगळं काढून फेका. खालचा दाणा दोन पाण्यांनी धुऊन त्याच दिवशी कडक उन्हात वाळवा. ढगाळ दिवशी हे काम करू नका, नाहीतर धुण्यानेच नवी बुरशी येईल. जमलं तर वरचा कोंडा काढून घ्या, कारण बुरशीचा बराच भाग तिथे असतो. एवढं करून विष कमी होतं, संपत नाही. गुलाबी झाक भरपूर असेल तर ती ज्वारी भाकरीला वापरू नका.

बाटली आणि मीठ

ओल मोजायचं यंत्र घरात नसलं तरी एक तपासणी जमते. पाऊण लिटरची पारदर्शक, आतून पूर्ण कोरडी काचेची बाटली घ्या. २०-३० ग्रॅम मीठ तव्यावर खडखडीत होईपर्यंत गरम करून थंड होऊ द्या, कारण पिशवीतलं मीठ आधीच ओलसर असतं. बाटलीत एक तृतीयांश धान्य भरा, मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. मोकळं खाली पडलं तर खाली आहे. इथे बरेच जण चुकतात: १५ च्या खाली म्हणजे साठवणीला तयार, असं नाही. ज्वारीला १२ आणि तुरीला १० टक्क्यांच्या आत यावं लागतं, म्हणून मीठ मोकळं पडलं तरी आणखी दोन-तीन उन्हं द्या. आणि उन्हातलं गरम धान्य तसंच कोठीत ओतू नका. रात्री कोठीचा पत्रा गार पडतो, आत दव धरतं आणि वरचा थर लागतो. संध्याकाळी सावलीत पसरून निववून मग भरा. पेवात धान्य ठेवणारे आता थोडेच उरले, पण जे ठेवतात त्यांनी भिंतीलगतचा पिवळा पडलेला थर वेगळा काढून टाकून द्यावा. चांगल्यात मिसळला की सगळंच बिघडतं.

टिकड्या आणि गोळ्या

धान्याला कीड लागू नये म्हणून घराघरांत जे टाकलं जातं ते किडीपेक्षा घातक ठरू शकतं.

सल्फास, सेल्फॉस या नावांनी मिळणारी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलीने सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. माणसं झोपतात त्या घरात, शेजारच्या खोलीतल्या पोत्यातसुद्धा, ती ठेवायची नाही. या वायूला उतारा नाही. प्रशिक्षित माणसाने बंद गोदामात वापरायची ती वस्तू आहे.

पाऱ्याच्या टिकड्या साध्या दिसतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. पारा साध्या तापमानालाही उडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची कोठी किती तापते हे सांगायला नको. टिकडी फुटली की तिचा चुरा धान्याबरोबर गिरणीत जातो. वापरत असाल तर काढून टाका. किती टाकल्या होत्या ते आठवून तेवढ्याच मोजून काढा, आणि धान्य उघड्यावर पसरून हवा द्या. टिकडी चुलीत टाकू नका, जाळल्यावर पाऱ्याची वाफ होते.

बोरिक पावडर चोळलेलं धान्य धुतल्याशिवाय दळू नका. गहू-ज्वारी न धुता गिरणीत नेतात, त्यामुळे ती जशीच्या तशी पिठात जाते.

याऐवजी: तूर, हरभरा, मूग यांचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर काळ्या प्लॅस्टिकवर पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा दगडांनी दाबा आणि उन्हाळ्यात अकरा ते चार तसंच राहू द्या. आतली उष्णता पन्नास अंशांच्या वर गेली की भुंगा आणि त्याची अंडीही मरतात. निवल्यावर किलोमागे ५ मिलि. एरंडेल किंवा खायचं तेल हाताने चोळा. हवाबंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात गच्च भरा. डबा अर्धा ठेवला तर आतल्या हवेवर कीड जगते. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवूनच घाला. ओला घातला की त्याचीच ओल धान्याला लागते.

हळद

वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद पिकते, तरी घरात पुडीतली पिवळीधमक पावडर येते, हे काही पटत नाही. हळकुंड उकडून, वाळवून, ड्रममध्ये घासून गुळगुळीत करतात. भेसळीचा रंग चढवतात तो याच घासणीच्या टप्प्यावर. त्यासाठी वापरला जाणारा लेड क्रोमेट हा खरं तर रंगकामातला पिवळा रंग. त्याच्या वजनात ६४ टक्के शिसं असतं. किलोभर हळदीत फक्त १ ग्रॅम मिसळला आणि माणसाने दिवसाला २ ग्रॅम हळद खाल्ली, तर १,२८० मायक्रोग्रॅम शिसं रोज पोटात जातं. लेकरांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित पातळी सांगता येत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने आधीची साप्ताहिक मर्यादा २०१० साली मागेच घेतली. बांगलादेशात २०१९ नंतर बाजारात कडक तपासणी सुरू झाली आणि दोनच वर्षांत तिथल्या नमुन्यांतून हा रंग दिसेनासा झाला. म्हणजे हे थांबवता येतं.

घ्यायची ती सबंध हळकुंडं, तीही मंद, मातकट पिवळी. सगळी कांडी एकसारखी चकाकत असेल आणि सुरकुत्यांच्या खाचांतही पिवळा भुगा बसलेला असेल तर सोडून द्या. घरी आणल्यावर एक कांडी काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात ठेवा, ढवळू नका. चांगल्या कांडीचं पाणी जवळपास तसंच राहतं. रंगवलेली कांडी लगेच पिवळं सोडते. ओल्या पांढऱ्या फडक्याने दुसरी कांडी जोरात पुसून पाहा. तोडल्यावर आतला रंग नारिंगी-पिवळा असायला हवा. बाहेरून लिंबासारखी आणि आतून फिकट तपकिरी असेल तर तो रंग चढवलेला. पुडीतली पावडर असेल तर ती चमचाभर घेऊन पाण्यात टाका. चांगली पावडर हळूहळू तळाशी बसते आणि पाणी फिकट राहतं. कृत्रिम रंग मिसळला असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं.

या तपासण्यांनी ढोबळ भेसळ कळते. शिसं थोड्या प्रमाणात असेल तर ते प्रयोगशाळाच सांगेल. हळद आणून धुऊन, वाळवून गिरणीत दळणं आणि काळा मसाला, येसर करताना तीच वापरणं, हा वर्षाचा एका दिवसाचा उद्योग आहे. गिरणीत आपल्या आधी काय दळलं ते विचारा आणि पहिलं मूठभर पीठ बाजूला काढा.

पाणी

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हापासून टंचाई म्हटलं की लोकांना टँकर आठवतो. टंचाईची दुसरी बाजू अशी की बोअर जितका खोल जातो तितकी खडकातल्या फ्लोराइडची शक्यता वाढते. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. नायट्रेटची ४५. शेतात राबणारा माणूस उन्हाळ्यात ४ लिटर पाणी पितो. ३ मिलिग्रॅमच्या पाण्यातून त्याला दिवसाला १२ मिलिग्रॅम फ्लोराइड मिळतं, वर भाजी-डाळ शिजते त्याच पाण्यात. आठ वर्षांच्या आतल्या मुलांच्या नव्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसले तर पाणी तपासून घ्या.

पाणी उकळून या दोन्हींपैकी काहीच जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात प्रमाण वाढतं. तुरटी अंदाजाने फिरवून फ्लोराइड कमी होत नाही, त्यासाठी तुरटी-चुन्याचं प्रमाण पाण्याच्या तपासणीवरून ठरवावं लागतं. आरओने दोन्ही कमी होतात, पण पडदा जुना झाला की काम थांबतं आणि चवीवरून ते कळत नाही. नायट्रेट उकिरडा, शौचखड्डा आणि युरिया यांतून येतं, म्हणून बोअर किंवा विहीर त्यांच्यापासून लांब हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाटलीचं दूध करून देत असाल तर ते तपासलेल्या पाण्यातच करा. नायट्रेटने रक्तातला प्राणवायू घटून बाळ निळं पडू शकतं.

नमुना कसा घ्यायचा: लिटरची नवी प्लॅस्टिक बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळा, बोअर पाच मिनिटं चालवून मग भरा. तीव्र उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून मिळतं. अहवालात फक्त टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) असेल तर तो अपुरा आहे. फ्लोराइड आणि नायट्रेट स्वतंत्र मागा.

दूध

बुरशीची सरकी पेंड किंवा भिजलेली मका गाई-म्हशीने खाल्ली की अफ्लाटॉक्सिनचा काही भाग दुधात उतरतो. दुधाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. २०१८ च्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुने याच कारणाने मर्यादेबाहेर गेले. उकळून ते जात नाही, आणि खव्यात दुधातल्या प्रथिनांबरोबर एकवटतं. खराब पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध निवळतं. एवढं सोपं असूनही लोक ‘गुरांना काय होतंय’ म्हणत गाठी झालेली पेंड फोडून घालतात.

भाजी

पानं आणि कोवळी फळं यांवर फवारा जास्त राहतो: कोथिंबीर, मेथी, भेंडी, हिरवी मिरची, वांगं. लिटरभर पाण्यात सपाट टेबलस्पूनभर, सुमारे २० ग्रॅम मीठ किंवा १० ग्रॅम खायचा सोडा घाला, पंधरा मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्यात हाताने चोळून धुवा. धुतल्यावरच चिरा. वरवरचं यानं जातं. झाडाच्या रसात मुरणारी आंतरप्रवाही औषधं मात्र धुऊन जात नाहीत. त्यांना उपाय एकच: फवारणीनंतर डब्याच्या लेबलवर दिलेले दिवस भरल्याशिवाय तोडणी नाही. डब्यावर लाल त्रिकोण असलेलं औषध सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, म्हणून तिच्यावर जास्त दिवस थांबायला लावणारं औषध मुळात मारूच नये. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीवर मारायला बंदी आहे, तरी कपाशीचं उरलेलं वांग्यावर जातं. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोकं पाडा. त्यात दूध, तेल किंवा पेरणीला जाताना प्यायचं पाणी नेऊ नका.

बाकीचं थोडक्यात. अंबाडी, चिंचेचं सार, कढी ही आंबट कालवणं बिनकल्हईच्या पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ठेवू नका, आणि कल्हईवाल्याच्या कथिलात शिसं नको. गरम भजी वर्तमानपत्रावर नकोत. पांढराशुभ्र गूळ सोडून काळपट घ्या. केशर आंबा आणि केळी कार्बाइडने पिकवायला मनाई आहे. आंबा गवताच्या आढीत चार-पाच दिवस ठेवला की पिकतो. कार्बाइडचा आंबा बाहेरून एकसारखा पिवळा आणि आत कोयीजवळ कच्चा लागतो.

तपासायला देताना

शंका आली तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणीही ग्राहक फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे देऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते. पावती घ्या. पाव किलो सीलबंद पाकीट न फोडता ठेवा आणि दुसरं वापरा. सुटा माल असेल तर पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी अशा आठ-दहा जागांचे मूठ-मूठ दाणे एकत्र करून किलोभर द्या. विष मोजक्या दाण्यांत असतं, म्हणून एकाच जागेचा नमुना स्वच्छ निघून फसवतो. दाणे कागदी किंवा कापडी पिशवीत द्या. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो आणि वाटेतच बुरशी वाढते. पिशवीवर तारीख, वाण, कुठून घेतलं आणि किती दिवस घरात होतं हे लिहा, आणि चिठ्ठी आत न टाकता बाहेर बांधा.